गरीब आणि मारकी

बापूंच्या बोलण्यात माणसांसाठी वेगळे शब्द नव्हतेच. सकाळी गोठ्यात शिरताना ते ज्या आवाजात "काय बाई, झोप झाली का?" म्हणायचे, त्याच आवाजात नंतर स्वयंपाकघराच्या दारातून तेच विचारायचे. आतून बायको म्हणायची, दावणीच्या बायांना विचारून झालं वाटतं, मग आता माझा नंबर. बापू मान हलवायचे, कारण ते खरंच असायचं. गोठा आधी, घर नंतर, पण विचारायचे सगळ्यांना, एकीलाही गाळायचे नाहीत.

पिकलं पान होतं, गळायचंच होतं. बापू गेले त्याला आता बरेच दिवस झाले. तरी त्यांचा विषय निघाला की धाकटी, म्हणजे त्यांची मुलगी, डोळे पुसत पुसत हसायला लागते. तिच्या सासरची माणसं म्हणतात, वडिलांच्या आठवणीनं पोटभर हसणारी ही एकच सून आम्ही पाहिली. पण बापूंचं आयुष्यच तसं होतं, त्याला ती तरी काय करणार?

घर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला एक खिडकी. बापू जेवायला बसायचे ते त्या खिडकीकडे तोंड करून. घास तोंडात, नजर गव्हाणीवर. एखादी गाय रवंथ करायची थांबली की यांचा घास हातात थांबायचा. बायको वैतागून म्हणायची, एकदा माझ्याकडे बघून जेवलात तर अन्न अंगी लागेल. मग बापू तिच्याकडे वळून बसायचे आणि तिला म्हणायचे, तू जरा खिडकीकडे बघत राहा.

आणि तरी घरासाठी जीव टाकणारा असा माणूस शोधून सापडला नसता. पावसाळ्यात शाळेची वाट चिखलानं भरली की थोरल्या मुलाला एका खांद्यावर आणि धाकटीला दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघायचे. बायकोचे गुडघे दुखायला लागले तेव्हा गाईंच्या शिंगांना लावायचं तेल कोमट करून रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं चोळून द्यायचे. ती म्हणायची, वास येतो हो या तेलाचा. ते म्हणायचे, गाई काही तक्रार करत नाहीत.

मुलांना ताप आला का हे बघायला त्यांनी कधी कपाळाला हात लावला नाही. ते कान धरायचे. गाईवासरांचा ताप कानावर कळतो, मग लेकरांचा का नाही कळणार? एकदा धाकटी शाळेत कोमेजून बसली म्हणून बाईंनी निरोप पाठवला. बापू धारेचे हात घेऊनच धावत वर्गात शिरले आणि त्यांनी पोरीचे दोन्ही कान पकडले. बाई मध्ये पडल्या, म्हणाल्या, अहो मारू नका, तिनं काही केलेलं नाही. बापूंना कळेचना की बाई एवढ्या घाबरल्या कशाला. ते म्हणाले, उजवा गरम आहे, डावा बरा आहे, घरी नेतो. त्या दिवसापासून वर्गात कोणी चुकलं की पोरं एकमेकांना विचारायची, तुझा उजवा का डावा?

धंद्यातही त्यांचा खाक्या निराळा होता. बाजारात गाय विकायला उभे राहिले की बाकीचे विकणारे आपल्या जनावराचे गुण गात सुटायचे, ही अशी आणि ती तशी. बापू गुणाचं चकार अक्षर काढायचे नाहीत. गिऱ्हाईक जवळ आलं की आधी खोडी सांगायला सुरुवात. ही डाव्या अंगाला बसलात तर लाथ मारते. ही दोरीवरचे कपडे खाते, माझे दोन सदरे हिच्या पोटात गेलेत. ही अनोळखी माणसाला तीन दिवस धार देत नाही, चौथ्या दिवशी देते, पण तीन दिवस धीर धरावा लागतो. गुण घेणाऱ्यानं बघावेत, खोड देणाऱ्यानं सांगावी, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे व्यापारी हसायचे, म्हणायचे, बापू, तुम्ही गाय विकायला येता की तिच्या चहाड्या सांगायला? पण गंमत अशी की दुसऱ्या दावणीवर फसलेलं गिऱ्हाईक पुढच्या बाजारी बापूंना शोधत यायचं.

आणि बापूंचा सगळ्यात मोठा मानाचा शब्द म्हणजे 'गरीब'. जनावरवाल्यांच्या तोंडी हा शब्द पैशाअडक्याचा नसतोच. जी कधी शिंग रोखत नाही, जिच्या पायांत पोरं खेळली तरी जी पाऊल बघून टाकते, ती गरीब गाय. उलट जी नुसती जवळ गेलं तरी डोकं खाली घालते, ती मारकी. बापूंच्या लेखी जगात या दोनच जाती होत्या, आणि माणसांचीही वाटणी त्यांनी तशीच करून टाकली होती. थोरला गरीब. बायको तरुणपणी मारकी, आता गरीब. धाकटी मारकी, जन्मल्यापासून.

यात खोटं काही नव्हतं. धाकटीच्या नाकावर राग बसलेलाच असायचा. रोज सकाळी दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून ती डेअरीवर जायची, आणि तिथं दुधाची फॅट मोजणाऱ्या नव्या माणसाशी तिचं पहिल्याच दिवशी वाजलं. फॅट कमी लागली. धाकटी म्हणाली, तुमचं मशीन बिघडलंय. मागं रांग उभी, लोक कुरकुरतायत, आणि तो शांतपणे म्हणाला, परत लावतो. परत तेवढीच. तिसऱ्यांदाही तेवढीच. मग तो खाली बघून हळूच म्हणाला, मशीनच चुकत असेल. आता भांडायचं तरी कोणाशी? एका हातानं टाळी वाजत नाही. धाकटी किटल्या उचलून घरी आली आणि दिवसभर तिला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर गेली. पुढं पुढं तर फॅट चांगली लागली तरी ती भांडायची, आणि तोही मुद्दाम परत लावून दाखवायचा.

वर्षभरात गोष्ट इथवर आली की त्या डेअरीवाल्यानं मागणी घालायला आपल्या आईवडिलांना घेऊन यायचं ठरवलं. वडील शहरातले कापडवाले. काचेच्या दाराचं दुकान, माणूस शिस्तीचा, शब्द तोलून घेणारा. धाकटीनं उभ्या आयुष्यात कशासाठी एवढा जीव टांगणीला लावला नव्हता. ती आईला म्हणाली, बाकी सगळं मी सांभाळते, तू फक्त बापूंना सांभाळ.

आईनं आठवडाभर शिकवणी घेतली. तुम्ही फक्त 'या', 'बसा' आणि 'चहा घ्या' एवढंच बोलायचं. चौथा शब्द काढायचा नाही. बापूंनी कबूल केलं. शेजारून खुर्च्या आल्या, बापूंच्या अंगावर इस्त्रीचा सदरा चढला, गोठ्याकडची खिडकी बंद झाली. ती खिडकी बंद झाली तिथंच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती, कारण बघायला गाय नसली की बापू माणसांकडे निरखून बघायचे.

पाहुणे आले. या झालं, बसा झालं, चहा घ्या झालं. धाकटी ट्रे घेऊन दाराशी उभी, आई कपबशांच्या मागं. बापू डेअरीवाल्याकडे बघत होते. पोरगा खुर्चीच्या कडेवर बसला होता. पायाशी मांजर आलं तेव्हा त्यानं पाय हळूच बाजूला घेतले आणि मांजराला जागा करून दिली. बापूंचा जीव विरघळला. त्यांच्याच्यानं राहवेना.

"मुलगा फार गरीब आहे हो तुमचा," ते म्हणाले.

कापडवाल्यांचा कप ओठांपाशी थांबला. या माणसानं तरुणपणी पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरून दिवस काढले होते, आणि त्याची कुणी आठवण काढलेली त्यांना खपायची नाही. दुखऱ्या बोटावर नेमका पाय पडावा तसं झालं. त्यांनी कप खाली ठेवून विचारलं, काय म्हणालात?

"गरीब आहे," बापू कौतुकानं म्हणाले. "बघितल्याबरोबर कळतं. आणि अशी गरिबी एका पिढीत येत नाही. आईबापच तसे असावे लागतात."

आईला खोकल्याची ढास लागली. बापूंना वाटलं, खरंच लागली. त्यांनी तिला पाणी दिलं. कापडवाल्यांनी ओठ आवळून विचारलं, आणि तुमची मुलगी? बापू हसले. म्हणाले, छे छे, ती कसली गरीब, ती मारकी. आणि मग काय, देणाऱ्यानं खोड सांगितलीच पाहिजे. झोपेतून उठवली तर चांगलं बोलत नाही. भांडण अर्धवट सोडत नाही, आज राहिलं तर उद्या तिथूनच सुरू करते. रागावली की जेवत नाही, आणि दुसऱ्यालाही सुखानं जेवू देत नाही. बापू मनापासून सांगत होते, एकेक खोड आठवून आठवून, काही राहून जायला नको म्हणून. आईचा खोकला थांबून आता तिनं तोंडाला पदर लावला होता. डेअरीवाल्याची आई मात्र सगळं ऐकत होती आणि मधूनमधून धाकटीकडे बघत होती.

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. बापू दारापर्यंत सोडायला गेले आणि आत येऊन म्हणाले, छान माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, वडील नाही म्हणतायत. दारात बोलावून गरीब म्हणून हिणवलं म्हणतात, आणि ज्यांना स्वतःच्या मुलीबद्दल एक चांगला शब्द सापडत नाही त्यांच्याकडे काय बघायचं म्हणतात. मी बोलेन, पण वेळ लागेल. धाकटीला माहीत होतं की हा बोलणार म्हणजे खाली बघून बोलणार. तिनं किटल्या तशाच सायकलला अडकवल्या आणि घर गाठलं.

बापू चारा टाकत होते. गरीब शब्दाचा झालेला घोटाळा आईनं त्यांना समजावून सांगितला तेव्हा आधी ते खो खो हसले. मग त्यांचं लक्ष गेलं की धाकटी रडतेय. आणि ती कधी रडायची नाही, भांडायची. सवयीनं त्यांचा हात तिच्या कानाकडे गेला. तिनं तो झटकला.

"मला ताप आलेला नाही," ती म्हणाली. "मी तुमची कालवड नाही, बापू. तुम्हाला माणूस आणि जनावर यातला फरक कधी कळलाच नाही."

त्या संध्याकाळी धार काढताना गोठ्यात त्यांचा आवाज आला नाही. एरवी धारेच्या वेळी दिवसभराची खबर गाईंना मिळायची, कोणाचं काय झालं, थोरला काय म्हणाला, बाजारात कोण भेटलं. त्या दिवशी नुसती चरवीत पडणाऱ्या धारेची सुरसुर. गाईंनीही पान्हा चोरला आणि दूध कमी निघालं. जेवताना बापू खिडकीकडे पाठ करून बसले तेव्हा मात्र आई घाबरली.

सकाळी डेअरीचं काम थोरल्यावर सोपवून बापूंनी इस्त्रीचा सदरा पुन्हा चढवला आणि धाकटीला म्हणाले, चल. कुठं, तर शहरात. ती म्हणाली, उरलंसुरलं घालवायला का? ते म्हणाले, तू बाहेर उभी राहा, पण चल. बसमध्ये दोघं शेजारी बसले. धाकटीला एकच धास्ती होती, की बापू तिथं जाऊन आपली बाजू सावरायला खोटं कौतुक करतील, ते त्यांना जमणार नाही, आणि जे थोडं शिल्लक आहे तेही हातचं जाईल.

दुकानात पांढऱ्या गादीवर कापडाचे ताके रचलेले. कापडवाले लोखंडी गज घेऊन एका बाईला कापड मोजून देत होते. त्यांची बायको गल्ल्याजवळ बसली होती. बापूंनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या, दार ढकलायचं की ओढायचं यात थोडा वेळ घालवला आणि आत शिरले. धाकटी पायरीवरच थांबली. दार पुरतं लागलं नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

कापडवाल्यांनी वर बघितलंच नाही. एक मीटर, दोन मीटर, मोजणं चालू. बापू म्हणाले, माझा शब्द चुकला. आम्ही जनावरांतली माणसं. गरीब म्हणजे आमच्याकडे पैसे नसलेला नव्हे. ज्याच्या जवळ लहान पोर निर्धास्त सोडावं, तो गरीब. आयुष्यभर गाई पाळल्या, पण खरी गरीब म्हणावी अशी एखादीच मिळाली. तुमच्या मुलानं मांजरासाठी पाय बाजूला घेतले, ते मी बघितलं. मला त्याहून मोठा शब्द येत नाही.

कापडवाल्यांचा हात थांबला. कापड घेणारी बाई म्हणाली, हो हो, माझ्या माहेरीही गाईला असंच म्हणायचे, आणि उगीचच आपणही वादात आहोत असं समजून तिथंच बसली. कापडवाल्यांना ते पटलं, चेहऱ्यावर दिसलं. पण माणूस शब्द तोलून घेणारा होता, इतक्यात सुटका करायचा नाही.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "पण स्वतःच्या मुलीच्या खोडी कोणी अशा चारचौघांत सांगतं का?"

बाहेर धाकटीनं पायरीचा कठडा घट्ट धरला. हाच प्रश्न तिचाही होता.

बापू गादीजवळ सरकले. मग म्हणाले, "खोड लपवून दिलेलं जनावर नव्या घरी मार खातं. विकणारा आपल्या घरी निवांत असतो. मार त्या मुक्या जिवाला बसतो, आणि आपलं काय चुकलं हेही त्याला कळत नाही. मी असं जनावर पाहिलंय. माझी मुलगी तुमच्या घरी यायची आहे. उद्या ती रागावली, उलट बोलली, तर आम्हाला फसवलं असं कोणी तिला म्हणू नये. दोष माझ्याकडे राहावा. मी आधी सांगितलंय म्हटल्यावर तिला कोणी बोल लावणार नाही."

धाकटीला लहानपणापासून वाटत आलं होतं की बापू आपल्याला दावणीतलीच एक समजतात. समजत होतेच ते. पण त्यातलं प्रेम तिला कोणी असं उलगडून दाखवलं नव्हतं, आणि बापूंनाही ते उलगडायला शहरात येऊन परक्या माणसासमोर उभं राहावं लागलं.

गल्ल्याजवळून डेअरीवाल्याची आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मग आमच्या खोडीही ऐकून घ्या. आमचा मुलगा घोरतो. कोणालाही नाही म्हणत नाही, आजवर चार छत्र्या लोकांना देऊन आलाय. कोणी मोठ्यानं बोललं की ते खरंच आहे असं समजतो. अशा मुलाला गरीब सून आणली तर दोघांचा संसार लोक लुटून नेतील, म्हणून मी त्या दिवसापासून यांना सांगतेय की आपल्याला मारकीच हवी. आणि यांची खोड तर तुम्ही बघितलीतच, एका शब्दावरून मुलाचं लग्न मोडायला निघाले होते. कापड घेणारी बाई खुदकन हसली. कापडवाल्यांनी तिच्याकडे रागानं बघितलं, पण ओठ त्यांचेही हलले. त्यांनी गज बाजूला ठेवला, बापूंना गादीवर बसायला जागा केली आणि चहा सांगितला.

सगळं जमलं होतं. आता उठायचंच बाकी होतं. पण कापडवाल्यांना मोजून घ्यायची सवय. ते थट्टेनं म्हणाले, खोडी झाल्या, आता मुलीचा एखादा गुण तरी सांगा, म्हणजे वजन बरोबर होईल.

बापूंनी तोंड उघडलं. काहीतरी सांगायला सुरुवात केली, मी बाजारातून आलो की ती, एवढंच निघालं, आणि पुढं शब्द येईना. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं.

"ते नका विचारू," ते म्हणाले. "गुण सांगायला लागलो तर मला ती द्यायला जमायचं नाही. मी तिला घेऊन घरी जाईन."

धाकटी दार ढकलून आत आली. चपला काढायचंही तिला भान राहिलं नाही, तशीच पांढऱ्या गादीवर वडिलांना बिलगून बसली आणि गिऱ्हाइकाच्या देखत हुंदके देऊन रडली. आणि बापू तिला गप्प करायचं सोडून तिच्याहून मोठ्यानं रडायला लागले.